शब्द गेल्यावरची प्रार्थना

शाहूपुरीत एका औषधाच्या दुकानाच्या वर माझी दोन खोल्यांची जागा आहे. बाहेर 'वाचा उपचार केंद्र' अशी पाटी आहे. ती बघून महिन्यातून एखादा तरी माणूस, पोराला धडा वाचता येत नाही म्हणून त्याचा हात धरून जिना चढून येतो. मग मी सांगते, की वाचा म्हणजे बोलणं. मी बोलण्यावर काम करते. तोतरं बोलणारी, उशिरा बोलायला लागलेली मुलं माझ्याकडे येतात, पण सगळ्यांत जास्त येतात ती लकवा मारल्यावर ज्यांचं बोलणं गेलं अशी माणसं. वीस-बावीस वर्षं मी हेच करते आहे, त्यामुळे बोलण्याबद्दल मला बरंच कळतं असा माझा समज होता.

ते दोघं आले ती सकाळ मला आठवते, कारण काकांनी तो उभा जिना बायकोचा हात न धरता चढायचा हट्ट केला होता आणि वर येईपर्यंत त्यांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. वय अडुसष्ट. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत आयुष्यभर पॅटर्नमेकर. म्हणजे लोखंडाचा एखादा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो हे कोरायचे. आता लकव्यानं उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडून होता. काकू बालवाडीच्या निवृत्त बाई. दोघंही ख्रिस्ती. काकूंनी आल्या आल्या मला "सलाम" म्हटलं, आणि मी नमस्काराला हात जोडता जोडता मध्येच थांबले. त्यांच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"काका, नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"मंगळवार," ते म्हणाले.

"नाष्टा झाला?"

"मंगळवार." आणि त्यांनी डाव्या हातानं कपाळावर मारून घेतलं.

अशा आजारात पुष्कळदा एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो. का तोच, ते सांगता येत नाही. माझा एक रुग्ण दोन वर्षं फक्त 'वरण' म्हणायचा. काकांना समजत होतं सगळं. खिडकी दाखवा म्हटलं की खिडकी दाखवायचे, पेन उचलून काकूंना द्या म्हटलं की द्यायचे. नुसता शब्द निघत नव्हता. मी त्यांना माझ्याबरोबर एक ते दहा मोजायला लावलं, तर ते सुरळीत मोजून गेले. हेही नेहमीचंच. जे आपण लहानपणापासून घोकलेलं असतं ते मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं आणि बरेचदा शाबूत राहतं.

"मॅडम, अजून एक येतं त्यांना," काकू म्हणाल्या.

दवाखान्यात सहाव्या दिवशी सकाळी त्या खाटेजवळ बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होत्या. ख्रिस्तानं स्वतः शिष्यांना शिकवलेली म्हणून ती प्रत्येक ख्रिस्ती माणसाला लहानपणापासून पाठ असते. त्या म्हणत असताना शेजारून दुसरा आवाज आला. सहा दिवस एक शब्द न बोललेल्या नवऱ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रार्थना म्हटली. वॉर्डातली नर्स धावत आली. मंडळीतली, म्हणजे त्यांच्या चर्चची, माणसं म्हणाली चमत्कार झाला. मग काकूंनी विचारलं, पाणी देऊ का, तर उत्तर आलं, मंगळवार.

मी म्हटलं, "आत्ता म्हणून दाखवाल?"

काका खिडकीकडे बघत राहिले. काकूंनी पहिले दोन शब्द म्हटले आणि पुढचं त्यांच्या तोंडून आपोआप सुरू झालं. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. त्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची एक मागणी आहे. तो 'भाकर' शब्द तर इतका नीट आला, की मी लगेच माझ्या चित्रांच्या कार्डांतलं भाकरीचं कार्ड काढून ठेवलं. प्रार्थना संपल्यावर ते त्यांच्यापुढे धरलं. "हे काय आहे, काका?"

त्यांनी कार्डाकडे बघितलं, ओठ हलवले, मान हलवली. "मंगळवार."

मी काकूंना समजावून सांगितलं. घोकलेलं वेगळं, मनात येईल ते बोलणं वेगळं. पहिलं शाबूत आहे, दुसऱ्याला वेळ लागेल. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे ते प्रार्थना करत न्हाईत म्हणा की. नुसती टेप लागल्यागत."

"भाषेपुरतं बोलायचं तर टेपच," मी म्हणाले.

हे मी काकांच्या समोर म्हणाले. त्यांना सगळं समजतं हे स्वतःच तपासून झाल्यावर म्हणाले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

जाता जाता काकूंनी दारात थांबून विचारलं, "मग मॅडम, ह्याला प्रार्थना म्हणायचं तरी कशाला?" तो माझा विषय नाही, असं मी हसून सांगितलं. पण त्या दिवशी दुपारभर दुसऱ्या रुग्णांबरोबर काम करताना तो प्रश्न माझ्या डोक्यात होता. शब्द आहेत आणि माणूस त्यात नाही, तर ती प्रार्थना होते का? आणि माणूस आहे, शब्दच नाहीत, तर?

मी शिरोळकडची. आमचं घर कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या घरात देवाशी बोलणं म्हणजे मागणं. पीक येऊ दे, पोरीचं लग्न जमू दे. मागायचं आणि त्या बदल्यात काहीतरी कबूल करायचं. ज्या वर्षी पुराचं पाणी फारच चढलं, त्या वर्षी आई गावातल्या बायकांबरोबर उंचावरच्या शाळेत जाऊन राहिली होती. रस्ते बंद झाल्यामुळे मला जाता येत नव्हतं, फोनवर बोलणं व्हायचं. पाणी घरात शिरलं नाही तर नदीची ओटी भरीन, असं तिनं कबूल केलं होतं. पाणी खिडकीच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर मी गावी पोचले, तर आई घरातला चिखल काढायच्या आधी नदीची ओटी भरून आलेली. मला राग आला. मी म्हटलं, तिनं ऐकलं नाही, मग तू कशाला दिलंस? आई म्हणाली, "भांडण धरून जाऊ कुठं? शेजारी ऱ्हाती ती." मी ते हसण्यावारी नेलं. काकूंच्या प्रश्नामुळे इतक्या वर्षांनी मला ते आठवलं, आणि आईला आपण आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते असं वाटलं. आता ती नाही.

काका आठवड्यातून दोनदा यायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मी प्रार्थना वापरायची ठरवली. असं करतात. रुग्णाचं एखादं पाठ गाणं असलं, तर ते म्हणत म्हणत नेमक्या शब्दाजवळ थांबायचं, तो शब्द सुटा करायचा, आणि त्याच वेळी ती वस्तू समोर धरायची. पाठांतराची शिडी करून खऱ्या शब्दापर्यंत चढायचं. मी सुरुवात करून दिली, भाकरीच्या अलीकडे टेबलावर हात आपटून थांबवलं आणि कार्ड पुढे केलं.

"भाकर," काका म्हणाले. कार्डाकडे बघून.

मला इतका आनंद झाला, की मी लगेच परत पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा थांबवलं, पुन्हा भाकर. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. सहाव्यांदा मी सुरुवात करून दिली आणि काकांनी ओठ मिटून घेतले. मी परत सुरुवात केली. ते उठले, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले आणि जिना उतरायला लागले. काकू पर्स तिथंच टाकून मागं धावल्या.

पुढचे दोन आठवडे ते आले नाहीत. मी फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्हाला दोष देत न्हाई मी, मॅडम. पण त्यांची कथा तुम्हाला ठाऊक न्हाई."

ती त्यांनी सांगितली. तीस वर्षं मंडळीत कुणाकडे आजारपण असो, बारसं असो, नवीन घर असो, प्रार्थनेला काकांना बोलावलं जायचं. फार शिकलेले नव्हते, पण बोलायचे असे, की माणसाला वाटायचं आपलं सगळं सांगून झालं. आणि त्यांची एक खोड होती. प्रभूची प्रार्थना कुणी घाईघाईनं म्हणायला लागलं, की ते हात वर करून थांबवायचे आणि पहिल्यापासून म्हणायला लावायचे. एकदा तर भर लग्नात थांबवलं होतं. घाई असली तर म्हणू नका, ऐकणाऱ्याला घाई न्हाई, असं म्हणायचे.

"आता त्यांच्याच तोंडातनं ती गाडीगत पळती," काकू म्हणाल्या. "एकदा सुरू झाली की त्यांना थांबवता येत न्हाई, की सावकाश म्हणता येत न्हाई. रोज सकाळी रडतात ते. आणि तुम्ही टेप म्हणालात ते त्यांनी मनाला लावून घेतलंय."

मी फोन ठेवला. मला वाटत होतं की त्यांचं सगळं गेलं आणि प्रार्थना तेवढी उरली. त्यांच्या बाजूनं बघितलं तर प्रार्थनाच गेली होती, आणि तिचे शब्द तेवढे मागं राहिले होते.

माफी मागायला मी बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दारात चपलांचा ढीग. त्यांच्याकडे घरसभा होती, म्हणजे मंडळीतली आठ-दहा माणसं दर बुधवारी आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमून प्रार्थना करतात. मी परत फिरत होते, पण काकूंनी बघितलं. "या की. कोण खातंय व्हय तुम्हाला?" म्हणत त्यांनी मला मागच्या खुर्चीवर बसवलं. भिंतीवरच्या फळीवर लाकडी चाकं, पंपाची तोंडं, दातेरी कड्या ओळीनं मांडलेल्या होत्या, सगळ्या काकांच्या हातच्या. काका पुढे आरामखुर्चीत होते. मला बघून त्यांनी मान वळवली नाही.

पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. कुणीतरी पांढऱ्या झग्यातलं म्हातारं असेल असं मी धरून चालले होते. हा तिशीचा, जीन्स घातलेला, शेजारी हेल्मेट ठेवून ढोलकी वाजवणारा तरुण निघाला. दोन भजनं झाली. मग एकेक जण डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायला लागला. मी डोळे उघडेच ठेवले. दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे मी ऐकत होते. देवाशी बोलताना माणसांचा सूर बदलतो. एक गृहस्थ, जे मघाशी साखर कारखान्याबद्दल तावातावानं बोलत होते, ते एकदम पुस्तकी मराठीत गेले. त्यांच्या शेजारची बाई मात्र किराणा दुकानदाराशी बोलावं तसं बोलत होती. मागणं होतंच. शुगर उतरू दे, सुनेला बुद्धी दे. पण त्या बाईनं बराच वेळ काहीच मागितलं नाही. सकाळपासून काय झालं ते सांगितलं. नळाला पाणी आलं नाही, बहिणीचा फोन आला, जावेला टाकून बोलले ते बरं केलं नाही. मला नवल वाटलं. ज्याला सगळं ठाऊक आहे असं यांनी मानलंय, त्याला ही बातमी कशासाठी द्यायची?

मग एक म्हातारी उठून उभी राहिली. मंडईत भाजी विकणारी, चष्म्याच्या एका काचेवर कागद चिकटवलेला. ती सरळ काकांच्या पुढ्यात जाऊन चटईवर बसली.

"उद्या माझ्या डोळ्याचं ऑपरेशन हाय," ती म्हणाली. "त्या डोळ्याच्या टायमाला तुम्हीच प्रार्थना केलती. ह्या डोळ्याला बी तुम्हीच करा."

पाळक हळूच म्हणाला, "आजी, मी करतो."

"तुम्ही करा की मागनं. आधी ह्यांनी."

काकूंचा चेहरा उतरला. मला वाटलं मध्ये पडावं, रुग्णावर असा ताण देऊ नये असं सांगावं. तेवढ्यात काकांनी डावा हात उचलून म्हातारीच्या डोक्यावर ठेवला. डोळे मिटले. आणि म्हणाले, "मंगळवार."

थांबले. मग परत, वेगळ्या सुरात, "मंगळवार, मंगळवार." सुरुवातीला कुणाला तरी हाक मारल्यासारखं. मग काही समजावून सांगितल्यासारखं, मध्ये श्वास घेत, वाक्यं असावीत तसं. एकदा आवाज वर गेला, जणू तक्रार होती. मग खाली आला आणि बराच वेळ खालीच राहिला. त्या तीन-चार मिनिटांत त्यांच्या तोंडून तो एकच शब्द आला असेल, साठदा, सत्तरदा. मी आजवर त्यांना शब्दासाठी झगडताना बघितलं होतं, मान ताठलेली, कपाळाला आठ्या. इथे झगडा नव्हता. चुकीचा शब्द येतोय याची त्यांना लाजही वाटत नव्हती. जे म्हणायचं होतं ते ते म्हणत होते, फक्त ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मी इकडं तिकडं बघितलं. हसण्याची कुणाचीही छाती नव्हती असं नव्हे, हसण्याजोगं तिथं काही नव्हतंच. साखर कारखान्यावर बोलणारे गृहस्थ मान खाली घालून होते. शेवटी काका थांबले आणि हात काढून घेतला. म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आमेन." मग सगळे म्हणाले.

चहाच्या वेळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला राहवेना. "आजी, काका काय म्हणाले ते तुम्हाला कळलं?"

तिनं बशी खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "मला कळून काय करायचंय? मी काय देव हाय?"

काकांच्या पुढे जाऊन मी म्हटलं, "काका, मी टेप म्हणाले ते माझं चुकलं." त्यांनी डावा हात झटकला, माशी हाकलल्यासारखा. तो राग होता की माफी, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

पाळक माझ्याबरोबरच बाहेर पडला. तो मोटारसायकल काढत असताना मी त्याला थांबवलं आणि मनातलं विचारून टाकलं. तुमच्या देवाला सगळं आधीच माहीत आहे असं तुम्ही मानता. मग प्रार्थना कशासाठी?

"शिकलो ते सांगू, का मला वाटतं ते?"

"दोन्ही."

"शिकलो ते असं, की स्तुती करायला, उपकार मानायला, चुका कबूल करायला आणि मागायला. चारही खरं आहे." त्यानं हेल्मेट हातात फिरवलं. "आता माझं सांगतो. माझी मंडळी चार गावांत विखुरलेली. मी दिवसभर गाडीवर असतो, तिथंच करतो प्रार्थना. सुरुवात मागण्यापासनं करतो. अमक्याला धडा शिकव इथपर्यंत मागतो, खोटं कशाला बोलू. आणि पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर बघतो, तर मागणं बदललेलं असतं. त्याला धडा शिकव म्हणत होतो, ते मला जरा दम धरायला शिकव इथवर येतं. मी काय ठरवून बदलत नाही. बोलत राहिलं की बदलतं."

"मग तो ऐकतो म्हणून बदलतं, का तुम्ही तुमचंच ऐकता म्हणून?"

तो हसला. "हे मी बी विचारलंय त्याला." आणि किक मारून निघून गेला.

ते उत्तर मला आवडलं, पण पुरलं नाही. काकांनी म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यांचं मागणं बदललं का, हे मला कसं कळणार? त्यांच्या आवाजातली ती तक्रार कशाची होती? पुढचे कितीतरी दिवस मी ते सूर मनात परत ऐकत होते. म्हातारीचं ऑपरेशन नीट झालं. मंडईत भेटली तेव्हा मी विचारलं, प्रार्थनेचा गुण आला का? "डॉक्टर चांगला हुता," ती म्हणाली आणि मला मेथीची जुडी निवडून दिली.

पुढच्या सोमवारी काका जिना चढून आले. खुर्चीत बसले, स्वतःच कार्डांच्या डब्याकडे बोट केलं आणि भाकरीचं कार्ड बाहेर काढायला लावलं. मग त्यांनी प्रार्थना स्वतः सुरू केली, काकूंनी किंवा मी सुरुवात करून न देता. ती नेहमीसारखी पळायला लागली. भाकरीजवळ आल्यावर त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्याच गुडघ्यावर जोरात थाप मारली आणि थांबले. घामाघूम झाले होते. कार्डाकडे बघून म्हणाले, "भाकर."

मी दुसऱ्यांदा म्हणा असं म्हटलं नाही. त्यांनी बोट वर करून 'एकदाच' असं मला आधीच सांगून ठेवलं होतं. दर वेळी एकदाच, आणि थांबवायचं त्यांनीच. असा आमचा करार झाला. प्रार्थना वापरायला त्यांची हरकत नव्हती, दुसऱ्यानं ती चावी दिल्यासारखी फिरवण्याला होती. हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्यानंतर कुणाचं पाठ गाणं वापरायच्या आधी मी त्याला विचारायला लागले.

शब्द हळूहळू आले. भाकर, पाणी, लाकूड. काकूंचं नाव यायला चार महिने लागले आणि त्या दिवशी काकूंनी जिन्यात बसून रडून घेतलं.

एकदा पावसामुळे काकांना बाहेर पडणं जमेना म्हणून मी त्यांच्या घरी गेले. काम संपेपर्यंत दुपारचा एक वाजला आणि काकूंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, वांगं, कांदा. दोघांनी माना खाली घातल्या, म्हणून मीही घातली. काकू काही म्हणेनात. त्यांनी सुरुवात करून द्यायची नाही असं ठरवलेलं मला माहीत होतं. बराच वेळ गेला. वांग्याचा वास येत होता आणि मला सकाळपासून भूक लागलेली होती.

"भाकर," काका म्हणाले. मग थांबले. "भाकर... दिली." परत थांबले. "आमेन."

मी मान वर केली. त्या पाठ प्रार्थनेत भाकर मागितलेली आहे. 'दिली' हा शब्द तिच्यात कुठंच नाही. पाठांतर मागणं बदलून पावती देत नाही. हे त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, आजारानंतरचं पहिलं, कर्ता नसलेलं पण क्रियापद बरोबर असलेलं, भाकरीला 'दिली' आणि 'दिला' नव्हे. मी काकूंना हे सगळं एका दमात सांगायला लागले. व्याकरण, मेंदूच्या वाटा, हे किती मोठं आहे ते.

"व्हय, व्हय," काकू म्हणाल्या. "जेवा आता. वांगं गार व्हायलंय."

काका जेवत होते. त्यांना त्यात विशेष काही झालंय असं वाटत नव्हतं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. काकांचे शब्द वहीच्या एका पानावर मावतील इतके आहेत. पूर्वीसारखं बोलणं येणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. ते महिन्यातून एकदा येतात. मंडळीतली माणसं अजून त्यांना प्रार्थनेला बोलावतात, असं काकू सांगतात. दोन शब्दांची प्रार्थना, मग बराच वेळ नुसता डोक्यावर हात. काही तरुण मुलांना तीच जास्त आवडते, लवकर संपते म्हणून, असंही त्या सांगतात.

मी अजून देवळात जाते ती वाटेत लागलं तर, आणि प्रार्थना करते असं मला म्हणता येणार नाही. कुणाचा धर्म बरा हा प्रश्न मला कधी पडला नाही. ज्याच्याकडून उत्तर ऐकू येत नाही त्याच्याशी माणसं इतकी वर्षं, इतक्या चिकाटीनं का बोलतात, हा मात्र पडला. बोलणं म्हणजे दुसऱ्याला काहीतरी कळवणं, असं मी शिकले आणि शिकवलं. त्याला सगळं आधीच ठाऊक असणं या माणसांना अडचणीचं वाटत नव्हतं, उलट त्यामुळेच त्यांना मोकळं बोलता येत होतं. हे मला माझ्या शास्त्रात कुठं बसवावं ते अजून उमगलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे सहज गेले होते. काकू आत चहा टाकत होत्या. काका दारापाशी उन्हात बसले होते, डाव्या हातानं लाकडाचा एक तुकडा घासत. डाव्या हातानं काम शिकायला लागलेत. मी उभ्या उभ्याच त्यांना विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं प्रार्थना करताय. ती कशासाठी असते?"

त्यांनी पॉलिशपेपर खाली ठेवला. माझा प्रश्न त्यांना समजला होता, ते त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ते शब्द शोधायला लागले. अशा वेळी मध्ये बोलायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, हा माझाच नियम, म्हणून मी गप्प राहिले. रस्त्यावरून दोन ट्रक गेले. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात थोपटला.

"बसा," ते म्हणाले.

हे उत्तर होतं, की मी मघापासून उभी आहे म्हणून बसायला सांगत होते? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी पॉलिशपेपर परत हातात घेतला होता. मी बसले. काकूंनी चहा आणून दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत आम्ही तिघंही काही बोललो नाही.